क्लच बदलूनही तीच तक्रार पुन्हा: कारण कसे शोधावे आणि बिल कसे तपासावे

क्लच प्लेट बदलल्यावर काही महिन्यांतच गाडी पुन्हा चढावर रेंगाळू लागली किंवा गिअर पुन्हा अडू लागले, अशी तक्रार गाडीमालकांकडून वारंवार ऐकू येते. प्लेट हलक्या प्रतीची टाकली, असे मालक म्हणतो. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवली, असे मेकॅनिक म्हणतो. दोन्ही गोष्टी कधी कधी खऱ्या असतात. परंतु पुन्हा पुन्हा जाणाऱ्या क्लचच्या मागे बऱ्याच वेळा तिसरेच कारण असते: पहिली प्लेट ज्या दोषामुळे गेली तो दोष गाडीत तसाच राहिलेला असतो. गळके सील, चुकीची बसवलेली केबल, दाब धरून ठेवणारा सिलिंडर, तापून वेडावाकडा झालेला फ्लायव्हील (इंजिनबरोबर फिरणारी जड चकती) यांपैकी काहीही शिल्लक असेल, तर नवी प्लेटही लवकरच जुनीच्या मागोमाग जाते. या कामात सर्वांत मोठे श्रम गिअरबॉक्स उतरवून पुन्हा चढवण्याचे असतात, त्यामुळे चुकलेल्या निदानाची मजुरी मालकाला दुसऱ्यांदा भरावी लागते. म्हणूनच 'किती पैसे होतील' हा प्रश्न 'प्लेट कशामुळे गेली' या प्रश्नाच्या नंतरच विचारला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

रचना थोडक्यात ध्यानात घ्यावी. इंजिनच्या फ्लायव्हीलवर प्रेशर प्लेट बोल्टने आवळलेली असते आणि त्या दोहोंमध्ये क्लच प्लेट दाबलेली असते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटच्या डायफ्राम स्प्रिंगची बोटे दाबते, पकड सुटते आणि इंजिनचा गिअरबॉक्सशी असलेला संबंध तुटतो. पेडलचा दाब बेअरिंगपर्यंत पोहोचवण्याचे काम काही गाड्यांत केबल करते, तर काहींत पेडलजवळचा मास्टर सिलिंडर आणि गिअरबॉक्सकडचा स्लेव्ह सिलिंडर यांमधले ब्रेक ऑइल करते. आपल्या गाडीत यांपैकी कोणती व्यवस्था आहे हे मालकाला ठाऊक असावे, कारण पुढचे अर्धे निदान त्यावर अवलंबून आहे.

घसरतो, की सुटत नाही?

क्लचच्या तक्रारी मुळात दोन जातींच्या असतात. एकीत पकड पुरेशी बसत नाही, म्हणजे क्लच घसरतो. दुसरीत पकड पुरेशी सुटत नाही. दोन्हींना गॅरेजमध्ये सरसकट 'क्लच गेला' असे म्हटले जाते. दुसऱ्या जातीची तक्रार मात्र अनेकदा गिअरबॉक्स न उतरवता, केवळ केबल किंवा सिलिंडर बदलून मिटते, त्यामुळे हा भेद पहिल्याच दिवशी करून घ्यावा.

क्लच घसरत असल्याची खूण अशी की ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा चढतो, पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही. ही खूण प्रथम वरच्या गिअरमध्ये, भरलेल्या गाडीत आणि चढावर दिसते. शहरात ठीक वाटणारी गाडी बोरघाटात किंवा आंबा घाटात नेमकी याच कारणाने उघडी पडते. मोकळ्या सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने जाताना ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबून पाहावा. निरोगी क्लचमध्ये काटा आणि वेग बरोबरीने, सावकाश वाढतात. घसरणाऱ्या क्लचमध्ये काटा एकटाच उसळतो. दुसरी चाचणी उभ्या गाडीवर होते: समोर मोकळी जागा ठेवून हँडब्रेक ओढावा, दुसरा पाय ब्रेकवर ठेवावा, तिसरा गिअर टाकावा आणि क्लच सोडावा. इंजिन तत्काळ बंद पडले तर पकड ठीक आहे; ते घुरघुरत चालूच राहिले तर पकड गेलेली आहे. या दोन्ही चाचण्या एकेकदाच कराव्यात, कारण घसरणाऱ्या क्लचला प्रत्येक चाचणी आणखी जाळते.

येथे एक गल्लत नेहमी होते. गाडी पिकअप घेत नाही म्हणजे क्लच गेला, असे गृहीत धरले जाते. परंतु डिझेल फिल्टर तुंबलेला असणे, टर्बोचा पाइप फाटलेला असणे किंवा ब्रेक चाकाला चिकटून राहणे यांमुळेही गाडी ओढत नाही. अशा दोषांत आरपीएम आणि वेग यांचे प्रमाण बिघडत नाही. काटाच मुळात चढत नाही. गाडी थोडी चालवून चारही चाकांजवळ हात नेला आणि एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापलेले आढळले, तर दोष ब्रेकचा आहे आणि गिअरबॉक्स उतरवण्याचे काहीही कारण नाही.

पकड सुटत नसेल तर पहिला आणि रिव्हर्स गिअर अडतो, दात घासल्याचा आवाज येतो, आणि कधी क्लच पूर्ण दाबलेला असूनही गाडी पुढे सरकू पाहते. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर अडतात, एवढे पाहिले तरी संशय क्लचवर येतो. खात्री करण्यासाठी इंजिन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये असताना क्लच पूर्ण दाबावा, पाच-सहा सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. तेवढ्या वेळात क्लच प्लेट फिरायची थांबलेली असली पाहिजे. तरीही दात घासले तर पकड पूर्ण सुटत नाही. याउलट केवळ दुसरा किंवा तिसरा असा एखादाच गिअर आवाज करत असेल आणि बाकीचे शांत पडत असतील, तर दोष गिअरबॉक्समधल्या सिंक्रोनायझर रिंगचा (गिअर बदलताना दातांचा वेग जुळवणाऱ्या कड्याचा) असण्याची शक्यता अधिक. त्यासाठी क्लच बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

आवाजावरूनही बरेच कळते. पेडल दाबताच गुरगुर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग पाहावे. न्यूट्रलमध्ये पेडल मोकळे असताना आवाज येत असेल आणि पेडल दाबल्यावर थांबत असेल, तर तो बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा असतो. गाडी उचलताना थरथर जाणवत असेल तर प्लेटवर तेल आले असेल किंवा फ्लायव्हीलवर तापाचे डाग पडले असतील. पण इंजिनचे माउंटिंग फाटले तरी अगदी तशीच थरथर येते, आणि ते तपासायला बॉनेट उघडण्यापलीकडे फारसे काही लागत नाही.

क्लच पुन्हा पुन्हा का जातो?

केबलच्या गाड्यांत पेडल थोडे मोकळे हलले पाहिजे, त्यानंतरच दाब जाणवला पाहिजे. ही मोकळीक बहुतेक छोट्या गाड्यांत साधारण १० ते २० मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. प्लेट झिजत जाते तशी डायफ्रामची बोटे बेअरिंगकडे सरकतात आणि मोकळीक कमी होत जाते. ती शून्यावर आली की बेअरिंग सतत टेकून राहते, पकड कायम किंचित सैल होते आणि चालक अत्यंत काळजीने गाडी चालवत असला तरी प्लेट जळते. नवी प्लेट बसवल्यावर केबल नव्याने लावली गेली नाही, किंवा पेडल हलके लागावे म्हणून ती जास्त आवळली, तर याच कारणाने क्लच लवकर परत जातो.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर क्लच चालणाऱ्या, गाड्यांत यासारखाच दोष अधिक लपून राहतो. मास्टर सिलिंडरमधले परतीचे छिद्र तुंबले, किंवा चुकीचे तेल भरल्यामुळे रबरी सील फुगले, तर पेडल सोडल्यावरही नळीत दाब शिल्लक राहतो. सकाळी ठीक चालणारा क्लच गाडी तापल्यावर घसरू लागतो आणि थंड झाल्यावर पुन्हा सुधारतो, ही त्याची ठळक खूण आहे. घसरत असतानाच स्लेव्ह सिलिंडरचा एअर काढण्याचा निपल क्षणभर सैल केला आणि तेल दाबाने उडून क्लचने लगेच पकड घेतली, तर दोष प्लेटचा नाही हे सिद्ध होते. अशा गाडीत कितीही महागाची प्लेट टाकली तरी ती टिकणार नाही. क्लच आणि ब्रेक यांचे तेल अनेक गाड्यांत एकाच डब्यातून जाते. त्यात डॉट ३ की डॉट ४ घालायचे ते झाकणावर लिहिलेले असते. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे तेल त्यात चुकूनही घालू नये, कारण त्याने क्लचबरोबर ब्रेकचीही सील नासतात.

तेलाची गळती हे वारंवार होणाऱ्या बिघाडाचे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे, आणि मला त्याबद्दल सर्वांत जास्त तळमळ वाटते, कारण एक स्वस्त सील न बदलल्यामुळे अख्खे काम पुन्हा करावे लागते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याखाली बोट फिरवून पाहावे. तेल काळे असेल तर ते क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून येणारे इंजिन ऑइल होय. दाट आणि उग्र गंधकी वासाचे असेल तर इनपुट शाफ्टच्या सीलमधून येणारे गिअर ऑइल. आणि पातळ असून डब्यातल्या ब्रेक ऑइलची पातळीही उतरत असेल, तर ज्या गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत असतो त्यांत तो गळू लागला आहे असे समजावे. या आतल्या सिलिंडरापर्यंत पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. त्यामुळे क्लचचे काम निघाले असता तो ठीक दिसत असला तरी बदलून घेणे शहाणपणाचे ठरते. प्लेट टाकल्यानंतर तो गळाला तर नवी प्लेटही जाते आणि मजुरीही जाते.

दुरुस्तीतल्या चुकाही येथेच सांगितल्या पाहिजेत. गिअरबॉक्स चढवताना त्याचा भार जॅकवर न ठेवता इनपुट शाफ्टवर लोंबकळू दिला, तर प्लेटचा मधला भाग वाकतो आणि गॅरेजमधून बाहेर पडल्यापासूनच गिअर अडू लागतात. शाफ्टच्या खाचांवर ग्रीस भरपूर लावले, तर ते फिरताना उडून लायनिंगवर (प्लेटच्या घर्षणाच्या थरावर) बसते. तेथे पुसटसा हात पुरतो. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा तडे असताना तो तसाच ठेवला, तर नवी प्लेट पूर्ण टेकत नाही. साधा फ्लायव्हील, मर्यादेत झिजलेला असेल तर, लेथवर फेसिंग करून (पृष्ठभाग सपाट करून) घेता येतो. बऱ्याच डिझेल गाड्यांत असणारा ड्युअल मास (स्प्रिंगांनी जोडलेल्या दोन भागांचा) फ्लायव्हील मात्र सहसा फेसिंग करत नाहीत. तो सैल झाला असेल तर बदलतात.

चालवण्याची सवय हे कारण मी शेवटी ठेवले आहे, कारण ते फार सोयीस्करपणे पुढे केले जाते. तरीही ते खोटे नाही. चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर (पेडल अर्धवट दाबून) गाडी धरून ठेवणे, हिंजवडीच्या किंवा घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत पाय सतत पेडलवर टेकवून ठेवणे, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलणे, या सवयींमुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांपैकी एकीचा क्लच ४० हजार किलोमीटरमध्ये जातो आणि दुसरीचा लाखाच्या पुढे टिकतो. एएमटी (यंत्रणा स्वतः क्लच व गिअर चालवते अशा) गाड्यांना क्लचचे पेडल नसले तरी आत साधीच प्लेट असते. चढावर केवळ ॲक्सिलरेटर देऊन गाडी जागच्या जागी धरली तर तीही तशीच जळते. अशा गाडीत प्लेट बदलल्यावर स्कॅनर लावून क्लचची नवी जागा यंत्रणेला शिकवावी लागते, आणि ते राहून गेले तर गाडी झटके देते.

कोकणातल्या गावी पावसाळाभर उभी राहणारी गाडी हे एक वेगळेच प्रकरण आहे. दमट हवेने फ्लायव्हीलला गंज चढतो, प्लेट त्याला चिकटते आणि गणपतीला गेल्यावर गाडी सुरू होते पण गिअर पडत नाही. यात काही झिजलेले नसते. इंजिन पुरेसे तापू दिल्यावर जाणकार मेकॅनिक मोकळ्या जागी ती पकड सोडवून देऊ शकतो, म्हणून येथे थेट नव्या संचाला होकार देऊ नये.

काढलेल्या प्लेटची साक्ष

गिअरबॉक्स उतरल्यावर मालकाने स्वतः जावे, जमत नसेल तर फोटो मागवावेत, आणि नवा संच बसण्यापूर्वी जुने भाग पाहावेत. लायनिंग सगळीकडे सारखे झिजून रिव्हेटपर्यंत आले असेल तर प्लेटने आपले आयुष्य पुरे केले, दुसरे कारण शोधायला नको. लायनिंग जाड शिल्लक आहे पण तेलकट आणि चकचकीत झाले आहे, असे असेल तर आधी सील. लायनिंग जळून भुकटी झाले असेल आणि फ्लायव्हील निळा पडला असेल, तर हाफ क्लच, केबलची मोकळीक किंवा अडकलेला दाब यांपैकी एक. डायफ्रामच्या बोटांवर खोल चरे असतील आणि बेअरिंग कोरडे झाले असेल, तर बेअरिंग सतत टेकून राहत होते. प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा खुळखुळत असतील तर गाडी उचलताना येणाऱ्या झटक्यांचे कारण तेथेच सापडते. हे कारण मेकॅनिकने स्वतःच्या शब्दांत सांगावे असा आग्रह धरावा. चांगला मेस्त्री ते आनंदाने दाखवतो, आणि जो 'प्लेटच अशी असते' एवढेच म्हणतो त्याच्याकडे उरलेले काम सोपवताना विचार करावा.

पैशांचा हिशेब

केवळ प्लेट बदलण्याचा सल्ला स्वस्त वाटतो. पण प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग हे एकत्र झिजलेले असतात, म्हणून पूर्ण संचच टाकावा. छोट्या पेट्रोल गाडीत संच आणि मजुरी मिळून खर्च बहुधा चार आकडी राहतो किंवा दहा हजारांच्या थोडा पुढे जातो. ड्युअल मास फ्लायव्हील असलेल्या डिझेल गाडीत तो कित्येक पटींनी वाढतो, कारण तो फ्लायव्हील एकटाच अनेकदा संचापेक्षा महाग असतो. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला संच आणि वलेओ, लूक, एक्सेडी यांसारख्या क्लच बनवणाऱ्या कंपन्यांच्या स्वतःच्या खोक्यातला संच, या दोन्हींची किंमत विचारावी. जुनी प्लेट नवे लायनिंग लावून देण्याचा पर्याय प्रवासी गाडीसाठी मी सुचवणार नाही. वाचणारे पैसे मजुरीच्या मानाने थोडे असतात आणि जोखीम मोठी असते.

एस्टिमेट लेखी घ्यावे आणि त्यात भागांचे क्रमांक, मजुरी, लेथचे काम, सील, गिअर ऑइल आणि ब्रेक ऑइल वेगवेगळे लिहून घ्यावे. फ्लायव्हील आणि सील यांची अवस्था उघडल्यावरच कळते, त्यामुळे आधीचा आकडा अंतिम नसणे स्वाभाविक आहे. मात्र वाढीव प्रत्येक काम फोटो पाहून आणि संदेशाने होकार दिल्यानंतरच व्हावे, हे जॉब कार्डावर लिहून ठेवावे. जुने भाग परत हवेत, हेही तेथेच लिहावे. सर्वसाधारण विमा झीज किंवा यांत्रिक बिघाड भरून देत नाही, आणि वॉरंटीतही क्लच प्लेट बहुधा झिजणाऱ्या भागांत धरून वगळलेली असते. पण गाडी नवी असेल आणि कारण गळते सील निघाले, तर सीलचा दावा जरूर करावा.

कराची ओळ वाचायला विसरू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्यापूर्वी अनेक भागांवर तो २८ टक्के होता, म्हणून जुन्या बिलाशी तुलना करताना हा फरक ध्यानात घ्यावा. मजुरीवरही १८ टक्केच लागतो. जीएसटी लावणाऱ्या बिलावर १५ अक्षरांचा क्रमांक असावा लागतो. महाराष्ट्रातल्या गॅरेजचा २७ ने आणि गोव्यातल्याचा ३० ने सुरू होतो, आणि तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून कोणालाही तपासता येतो. ज्याची नोंदणी नाही किंवा जो कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करयोजनेत) आहे, त्याला ग्राहकाकडून हा कर वसूल करता येत नाही.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी मेकॅनिकला शेजारी बसवून वर सांगितलेल्या रिव्हर्सच्या आणि चौथ्या गिअरच्या चाचण्या कराव्यात. पहिले काही शे किलोमीटर नव्या क्लचवर जोर देऊ नये, आणि त्यानंतर केबलची मोकळीक व सांध्याखालची गळती एकदा पाहून घ्यावी.

बिलावरून वाद झालाच, तर गाडी ओढून आणण्याचा प्रयत्न करू नये. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार ठरलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क दुरुस्ती करणाऱ्याला असतो. त्यामुळे वादग्रस्त रकमेबद्दल बिलाच्या प्रतीवर लेखी हरकत नोंदवून पैसे भरावेत, गाडी सोडवावी आणि मग दाद मागावी. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि तेवढ्यानेही पुष्कळदा गॅरेज बोलणी करायला तयार होते. न झाल्यास कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि कामासाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तेथे शुल्क लागत नाही. सोबत एस्टिमेट, होकाराचे संदेश, दोन्ही वेळची बिले आणि काढलेल्या प्लेटचे फोटो जोडावेत. शक्य असल्यास दुसऱ्या मेकॅनिककडून बिघाडाचे कारण त्याच्या सहीनिशी लिहून घ्यावे.